सेल्फ-साइन्ड सर्टिफिकेटची स्क्रिप्ट: एका ओळीत भागत नाही ते का

सेल्फ-साइन्ड सर्टिफिकेट म्हणजे बाहेरच्या संस्थेऐवजी आपण स्वतःच सही केलेलं, साइटची ओळख पटवणारं डिजिटल प्रमाणपत्र. ते बनवायची कमांड एका ओळीची असते. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या साधनातल्या 'रेक' या उपकमांडला 'एक्स५०९' हा पर्याय द्यायचा, 'न्यूकी'पुढे 'आरएसए:२०४८' लिहायचं, की क्षणात दोन फायली तयार: एक प्रायव्हेट की (गुप्त किल्ली), एक सर्टिफिकेट. सर्टिफिकेट सिस्टीमच्या विश्वासू यादीत घातलं तरी क्रोम म्हणतो, नाव जुळत नाही. आणि 'कॉमन नेम'मध्ये, म्हणजे सर्टिफिकेटमधल्या नावाच्या रकान्यात, तर 'लोकलहोस्ट' (आपलंच मशिन) अगदी बरोबर लिहिलेलं असतं!

क्रोम कॉमन नेम बघतच नाही. २०१७ साली आलेल्या ५८व्या आवृत्तीपासून तो फक्त 'सब्जेक्ट ऑल्टरनेटिव्ह नेम', म्हणजे 'सॅन', वाचतो. सॅन नसलं तरी तक्रार मात्र 'कॉमन नेम इनव्हॅलिड' अशी करतो, त्यामुळे माणूस चुकीच्या जागी शोधत बसतो. सॅनमध्येही एक खोच आहे. यजमानाचं नाव 'डीएनएस:' लावून लिहायचं आणि आयपी पत्ता 'आयपी:' लावून. '१२७.०.०.१' हा पत्ता 'डीएनएस:'पुढे टाकला तर सर्टिफिकेट बिनतक्रार बनतं, ब्राउझर ते नाकारतो. ताऱ्याचं चिन्ह वापरलंत तर ते एकाच पातळीपुरतं चालतं, खालच्या उपनावांना ते लागू होत नाही.

सॅन 'अ‍ॅडएक्स्ट' या पर्यायानेही देता येतं, पण तो ओपनएसएसएल १.१.१पासूनच आहे. शिवाय ओपनएसएसएलसोबत येणारी नेहमीची कॉन्फिग फाइल 'रेक एक्स५०९'ने बनलेल्या सर्टिफिकेटवर 'सीए:ट्रू' असा शिक्का मारते, म्हणजे त्याला 'सर्टिफिकेट ऑथॉरिटी'सारखा इतर सर्टिफिकेटांवर सही करायचा अधिकार देते. असलं सर्टिफिकेट विश्वासू यादीत गेलं आणि त्याची की कुणाच्या हाती लागली, तर तो माणूस तुमच्या मशिनपुरती कुठल्याही साइटची खोटी ओळख तयार करू शकतो.

म्हणून स्क्रिप्टने स्वतःचीच छोटी कॉन्फिग फाइल लिहावी आणि ती 'कॉन्फिग' पर्यायाने द्यावी. तीन विभाग पुरतात. 'रेक' विभागात 'प्रॉम्प्ट = नो' आणि बाकीच्या दोन विभागांची नावं. दुसऱ्यात कॉमन नेम. तिसऱ्यात सॅन, 'बेसिक कन्स्ट्रेंट्स'पुढे 'क्रिटिकल, सीए:फॉल्स' आणि 'एक्स्टेंडेड की युसेज'पुढे 'सर्व्हर ऑथ'. याचा वरकड फायदा असा, की विंडोजवरच्या गिट बॅश या कमांड लिहायच्या खिडकीतली डोकेदुखी टळते. कमांडमध्येच नाव द्यायच्या 'सब्ज' पर्यायातलं स्लॅशने सुरू होणारं नाव गिट बॅश फाइलचा पथ समजून बदलून टाकतो. नाव फाइलमध्ये असलं की तो प्रश्नच उरत नाही.

'नोड्स' या पर्यायाचा नोडशी काही संबंध नाही. तो 'नो डेस' आहे (डेस ही एन्क्रिप्शनची एक पद्धत), म्हणजे की पासवर्डने बंद करू नकोस. ओपनएसएसएल ३मध्ये त्याचं नाव 'नोएन्क' झालं. तो विसरलात तर स्क्रिप्ट पासफ्रेज विचारत थांबते, आणि क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप, चालवलेल्या स्क्रिप्टला उत्तर द्यायला तिथे कुणी नसतं. 'डेज' विसरलात तर मुदत फक्त ३० दिवसांची मिळते. उलट हौसेने ३६५० दिवस लिहिलेत तर अ‍ॅपलची उपकरणं अडतात. १ जुलै २०१९ नंतर दिलेल्या सर्टिफिकेटसाठी त्यांची मर्यादा ८२५ दिवस आहे. ३६५ लिहा आणि नूतनीकरणाची सोय स्क्रिप्टमध्येच करा: 'एक्स५०९'ला 'चेकएंड २५९२०००' द्यायचं. ३० दिवसांच्या आत मुदत संपत असेल तर एक्झिट कोड १ येतो, नाहीतर ०.

सगळ्यात जास्त त्रास दुसऱ्यांदा चालवताना होतो. 'न्यूकी' जुनी की न विचारता पुसून नवी लिहितो. त्यात सर्टिफिकेट लिहिताना काही बिघडलं, तर नवी की आणि जुनं सर्टिफिकेट अशी जोडी उरते आणि एनजिनएक्स हा वेब सर्व्हर 'की व्हॅल्यूज मिसमॅच' म्हणत सुरूच होत नाही. दोन्ही फायली आधी तात्पुरत्या नावाने बनवाव्या, दोघींमधली पब्लिक की ताडून बघावी, मगच 'एमव्ही' या फाइल हलवायच्या कमांडने जागेवर न्याव्या. कीची परवानगी ६०० (फक्त मालकाला), सर्टिफिकेटची ६४४ (इतरांना फक्त वाचता येईल अशी).

डेबियन आणि उबुंटूवर सर्टिफिकेट 'यूएसआर'खालच्या 'लोकल/शेअर/सीए-सर्टिफिकेट्स'मध्ये ठेवून 'अपडेट-सीए-सर्टिफिकेट्स' चालवायचं. फाइलचं शेपूट 'सीआरटी'च हवं. 'पीईएम' असेल तर ती गुपचूप वगळली जाते. फायरफॉक्सची यादी वेगळी असते, आणि 'सीए:फॉल्स'वालं सर्टिफिकेट तो ऑथॉरिटीच्या यादीत घेतच नाही. तिथे त्या पत्त्यापुरता अपवाद मंजूर करावा लागतो.