सव्वादोन क्विंटलचे जेवण

२०२४ च्या डिसेंबरात सोयाबीन विकून झाले होते आणि तूर कापणीला यायला अवकाश होता, म्हणून आई, बाबा, आत्या, मी आणि नववीत शिकणारी माझी मुलगी असे आम्ही पाचजण आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावाहून धाकट्या भावाकडे पुण्याला गेलो. मोबाइलवर कोरियन मालिका पाहून मुलीने वर्षभर एकच हट्ट धरला होता, त्यामुळे भाऊ आम्हा सर्वांना एका अनलिमिटेड कोरियन बार्बेक्यूत घेऊन गेला.

टेबलाच्या मधोमध निखाऱ्यांची खोलगट शेगडी होती, तिच्यावर जाळी आणि वरून डोक्यापर्यंत लोंबणारे धुराडे. वेटरने कच्च्या मांसाच्या बशा आणून ठेवल्या, तेव्हा बाबा थोडे मोठ्यानेच म्हणाले, "पैसेबी आपणच द्याचे अन् भाजाचंबी आपणच?" मात्र पाचच मिनिटांत त्यांनी चिमटा स्वतःकडे ओढून घेतला. शेतातल्या जेवणाला गोवऱ्यांच्या विस्तवात रोडगे भाजण्याचे काम आमच्याकडे त्यांचेच असते, आणि निखारा कुठे तापला आहे व कुठे मंदावला आहे, हे त्यांना तिथल्या वेटरपेक्षा लवकर कळले. सामग्योप्साल, म्हणजे डुकराच्या पोटाकडचे तीन थरांचे मांस, त्यांनी चरबी पारदर्शक होऊन कडा तांबूस होईपर्यंत भाजले आणि भावाने ते कात्रीने कापले. शिवणाच्या डब्यातली वस्तू जेवणात आलेली पाहून आईने तोंडाला पदर लावला. पुढच्या पदार्थाचे नाव बुल्गोगी; त्यात 'बुल' म्हणजे आग आणि 'गोगी' म्हणजे मांस, असे मुलीने सांगितले. कोरियात बुल्गोगी मुख्यतः गोमांसाची करतात. आपल्या राज्यात २०१५ पासून गोवंश हत्येवर बंदी असल्यामुळे आमच्यापुढे आलेली कोंबडीची होती.

माळकरी आत्याचे मात्र हाल झाले. तिच्यासाठी वेगळी जाळी मागितली आणि ती मिळालीही, परंतु किमचीत माशाचा अर्क असल्याचे कळल्यावर तिच्या वाट्याला अळंबी, काकडी आणि मोड आलेली कडधान्ये एवढेच उरले. दर मात्र माणशी दीड हजार, तिलाही पूर्ण. शिवाय दोन तासांची मुदत आणि ताटात उरले तर दंड. पंगतीत नको म्हणतानाही वाढणारे आम्ही लोक, त्यामुळे तो दंडाचा फलक बाबांना मांसाच्या किमतीपेक्षाही अधिक लागला.

खरी गोष्ट पुढेच आहे. लेट्यूसच्या पानात मांसाचा तुकडा, लसणाची पाकळी आणि एक तांबूस लगदा घालून त्याचा एकच घास करायचा, अशी तिथली रीत. तो लगदा बाबांना फार आवडला आणि हा कशाचा, असे त्यांनी विचारले. वेटर म्हणाला, "सोयाबीनचा." बाबांचा हात थांबला. हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये असताना आम्ही ते चार हजारांच्या आसपास विकून आलो होतो, आणि इतकी वर्षे पेरूनही आमच्या घरात ते कधी शिजले नव्हते. सहा जणांचे नऊ हजार म्हणजे सव्वादोन क्विंटल, हा हिशेब त्यांनी तिथेच मांडला.

कोरियात सोयाबीन उकडून, कुटून त्याच्या विटा करतात, त्या धानाच्या तणशीने बांधून टांगतात आणि आंबल्यावर मिठाच्या पाण्यात मुरवतात. वरचे पाणी म्हणजे सोया सॉस आणि खाली उरतो तो दोएन्जांग, बाबांना आवडलेल्या लगद्याचा मुख्य घटक. आम्ही पुण्यात असतानाच्याच महिन्यात युनेस्कोने ही कला आपल्या वारसा यादीत घेतली होती, हे मला नंतर वाचनात आले.

गावी परतल्यावर आईने कोणाला न विचारता बियाण्यासाठी ठेवलेला कट्टा उसवला आणि त्यातले दोन किलो सोयाबीन उकडून उखळात कुटले. आमच्याकडे धान होत नाही, म्हणून भंडाऱ्याच्या पाहुण्याकडून तणीस मागवली. आता तीन ओबडधोबड विटा आढ्याला टांगल्या आहेत. त्यांचा वास ओसरीपर्यंत येतो, आणि बियाणे कमी पडणार म्हणून बाबा त्यांच्याकडे पाहत नाहीत. आत्या मात्र रोज सकाळी त्यांच्याखाली उभी राहून विचारते, "हे माह्या ताटात केव्हा येईन?"