व्हॅक्युम लावून डिलिव्हरी, माझा अनुभव

नॉर्मल की सिझर एवढंच सगळे विचारतात, माझी मधलीच झाली, व्हॅक्युमची, म्हणजे हवा ओढून डोक्याला चिकटणारी वाटी लावून बाळ बाहेर ओढायचं. पिशवीचं तोंड पूर्ण उघडलेलं, पण एपिड्युरलमुळे (कळा जाणवू नयेत म्हणून पाठीत देतात ते इंजेक्शन) जोर नेमका कुठे लावायचा तेच कळेना, जोर देऊन देऊन मी पार गळून गेले आणि त्यात बाळाचे ठोके कमी व्हायला लागले. मी म्हटलं मॅडम सिझर करून टाका एकदाचं. तर म्हणाल्या, डोकं खूप खाली आलंय, आता सिझर केलं तर ते परत वर ढकलून काढावं लागेल, रक्तस्राव वाढतो, पिशवीचा काप फाटू शकतो, पुढच्या बाळंतपणाला पण ती जखम राहतेच.

मग पटापट नळीने लघवी काढली, बाळाचं तोंड कुठल्या बाजूला आहे ते हाताने तपासलं, बालरोगतज्ज्ञांना बोलावलं. छोटी वाटी बाळाच्या डोक्यावर बसवली आणि मॅडमनी तिच्या कडेने गोल बोट फिरवून बघितलं की माझी कातडी मध्ये अडकली नाही ना. ओढायचं फक्त कळ आली की, आणि मी जोर द्यायचाच. सगळ्यात धीर आला तो एका वाक्याने, "तीन कळांत डोकं सरकलं नाही तर मी ओढत बसणार नाही, ओटी (ऑपरेशन थिएटर) तयार आहे." तेवढी वेळच आली नाही.

बाळाच्या डोक्यावर अंबाड्यासारखा फुगवटा होता, दोन दिवसात बसला. कातडीखाली रक्त साकळण्याचा धोका क्वचित असतो म्हणून सिस्टर सारख्या येऊन डोकं चाचपून बघायच्या. कावीळ झाली, लाईटखाली ठेवलं. सासूबाईंनी मालिशवाल्या बाईंना डोकं दाबून गोल करायला सांगितलेलं, डॉक्टरांनी सक्त मनाई केली म्हणून वाचलो!

माझे टाके मात्र भयंकर दुखले, बसताच येईना. व्हॅक्युमऐवजी चिमटा (फोर्सेप्स) लावून बाळ काढलं तर आईला जास्त फाटू शकतं म्हणे. इन्फेक्शन नको म्हणून अँटिबायोटिकचा एक डोस लगेच दिला.

2019-21 च्या सरकारी सर्व्हेत देशातल्या खाजगी हॉस्पिटलांत 47 टक्के बाळंतपणं सिझरची, सरकारीत 14. यातली गरजेची किती देव जाणे. पण व्हॅक्युम पण सरावाचा हात असेल तरच, त्यामुळे नवव्या महिन्यातच डॉक्टरांना सरळ विचारा, तुम्ही लावता का आणि नाही जमलं तर ओटी किती वेळात मिळेल.