सावळीचा उजवा डोळा

बुधवार, रात्र

आज डॉक्टरांनी विषय काढलाच. आमच्या सावळी घोडीच्या उजव्या डोळ्याला दिसणं केव्हाच थांबलंय, आता आतला दाबही वाढलाय. म्हणाले, "डोळा गेलेलाच आहे, दुखणं तेवढं मागे राहिलंय. काढून टाकू." मी लगेच हो म्हटलं.

हे कुणाला कठोर वाटेल. तिच्या पापण्या रोज बघणाऱ्याला वाटणार नाही. घोड्याचा डोळा दुखत असला की वरच्या पापणीचे केस समोर ताठ न राहता खाली झुकतात. तिच्या डाव्या पापणीचे केस आता सरळ झालेत. उजव्या पापणीचे ती आली तेव्हापासून झुकलेलेच आहेत. त्या बाजूने खरारा करायला गेलं की अंग आक्रसून घेते. अंधाराची भीती असती तर एव्हाना सरली असती, कारण जागा तिच्या पायाखालची झाली आहे. हे दुखणंच आहे.

आली तेव्हा फासळ्या मोजता येत होत्या, त्यामुळे पहिली काळजी पोटाची होती. उपाशी घोड्याला एकदम भरपूर खुराक दिला तर रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम घसरतं, हृदयसुद्धा बंद पडू शकतं. म्हणून दाणा अजिबात नाही; लसूणघास थोडी थोडी, दिवसभर वाटून, रात्रीही उठून. ती रिकाम्या जागेवर तोंड फिरवत राहायची आणि मी हात आवरून उभी असायची. फार जड गेलं ते.

डोळ्यांच्या आजाराचं नाव युव्हाइटिस: आतला दाह, पुन्हा पुन्हा उलटणारा. घोडे आंधळे होण्याचं जगभरातलं हे सर्वांत मोठं कारण. येतो, ओसरतो, परत येतो, म्हणून पूर्वी लोक त्याचा संबंध चंद्राच्या कलांशी लावत. पुष्कळदा मुळाशी लेप्टोस्पायरा या जिवाणूचा संसर्ग असतो. प्रत्येक झटका थोडी नजर घेऊन जातो, म्हणून डाव्या डोळ्यासाठी माझा एवढा आटापिटा. त्यात स्टिरॉइडचे थेंब घालण्याआधी रंग टाकून डोळ्यावर जखम नाही ना, हे डॉक्टर बघतात. जखमेवर ते औषध पडलं तर डोळा आणखी बिघडतो. अ‍ॅट्रोपिनच्या थेंबांनी बाहुली मोकळी राहते, पण आतडी मंदावू शकतात. त्यामुळे थेंब घातले की मी तिच्या कुशीला कान लावून पोटाची गुडगुड ऐकते. ती ऐकू आल्याशिवाय मला झोप येत नाही.

घोड्याला जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं, साधारण 350 अंश. एक डोळा गेला की त्या बाजूचं सगळं जगच नाहीसं होतं. सावळी मान उजवीकडे वळवून चालते, डाव्या डोळ्याला दोन्हीकडचं काम करायला लावते. आम्ही उजवीकडून जाताना बोलत जातो, आधी खांद्यावर हात ठेवतो, मगच पुढे. हौदाभोवती आणि कुंपणालगत खडी पसरली आहे; खुराखाली खडी लागली की ती आपणहून थांबते. हौद, घमेलं, दावण, कशाचीच जागा हलवायची नाही. ओठांभोवतीचे लांब राठ केस कापायचे नाहीत, जवळचं चाचपायला तिला तेच उपयोगी पडतात. म्हाताऱ्या मोतीच्या गळ्यात घंटी बांधली आहे आणि ती त्याच्या मागे मागे चरते. परवा पहिल्यांदाच आडवी होऊन झोपलेली दिसली. घोडा उभ्यानेही डुलकी काढतो, पण गाढ झोपेसाठी त्याला आडवं व्हावंच लागतं, आणि निर्धास्त वाटल्याशिवाय तो आडवा होत नाही.

"आंधळ्या घोडीला कशाला जगवायचं?" असं विचारणारे भेटतात. मला विचाराल तर न दिसणं घोड्याला पेलतं. ठणका पेलत नाही. जगवायचं ठरवलं तर ठणका थांबवणं आधी, डोळा दिसायला कसा दिसेल ते नंतर. रिकामी खोबण बघून वाईट वाटेल ते आपल्याला. ती आरशात बघत नाही.

शस्त्रक्रिया सोमवारी सकाळी. गुंगीचं औषध आणि स्थानिक भूल देऊन उभ्यानेच होईल. मोतीला जवळच बांधायला सांगितलंय. तोवर डोक्यावर पट्टी असण्याची तिला सवय करायची आहे. उद्यापासून रोज थोडा वेळ मऊ कापड गुंडाळून बघेन. डाव्या डोळ्याचे थेंब चालूच.