टोकं घासून भागत नाही

“नुसती टोकं घासून द्या, सकाळी होडी पाण्यात टाकायचीय.” उजनीच्या बॅकवॉटरवरून सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमच्याकडे दुरुस्तीला आलेल्या होडीच्या इंजिनाच्या पंख्यासोबतची ही फर्माईश. दिवसभर डोक्यातनं गेली नाही.

अ‍ॅल्युमिनियमचा तीन पात्यांचा पंखा. एकाचं टोक नखाएवढं उडालेलं, दुसऱ्याची कड वळलेली, तिसरं बरं. उन्हाळ्यात धरण उतरलं की बुडालेल्या भिंती, झाडांची खोडं वर येतात. मग हे ठरलेलंच.

घासलं की कड गुळगुळीत होते, पण पात्यांचं वजन सारखं राहत नाही. इंजिन थरथरतं, शाफ्टचं बेअरिंग नि सील खातं.

नीट करायचं तर आधी मधला रबरी बुश काढायचा, नाहीतर वेल्डिंगच्या उष्णतेनं जळतो. तेल पुसून स्टेनलेसच्या ब्रशनं ऑक्साइडचा थर काढायचा, एसी टिग वेल्डिंगवर ५३५६ या अ‍ॅल्युमिनियमच्या रॉडनं भर घालायची. बऱ्या पात्यावरून पत्र्याचा साचा काढून आकार जुळवायचा. पिच, म्हणजे एका फेऱ्यात पंखा पुढे सरकायचं अंतर, एक इंचानं चुकला तर इंजिनाच्या फेऱ्यांत साधारण १५० ते २०० आरपीएमचा फरक पडतो! शेवटी बॅलन्स: पंखा दांड्यावर घालून समपातळीतल्या दोन धारांवर सोडायचा. जड पातं खाली येतं, तेच घासायचं.

शाफ्टवर जाळ्याचा तंगूस गुंडाळलाय का बघा, असं होडीवाल्याला फोनवर सांगितलं. तो सील कापतो, पाणी आत जातं, गिअर ऑइल दुधाळ होतं.

“ते कशाला?”

उजनीवर पंखा काढल्यावर शाफ्ट बघतं का कुणी?