मेमरीत उरलेल्या शेवटच्या ओळी

लिनक्सवर चालणारा एक गेटवे (दोन नेटवर्क जोडणारा छोटा बोर्ड) दर दोन-चार दिवसांनी आपोआप रीबूट व्हायचा. जर्नल, म्हणजे सिस्टमची नोंदवही, बोर्डवरच्या ईएमएमसी या फ्लॅश चिपवर साठत होतं, पण मागच्या बूटची नोंद उघडली की ती रीबूटच्या मिनिटभर आधीच तुटलेली. साइटवर वीजपुरवठ्याला दोष देऊन यूपीएस बदलून झाला. रीसेटचं कारण सांगणारं रजिस्टर त्याआधी वाचायला हवं होतं. मी वाचलं तेव्हा त्यात सरळ वॉचडॉग होता, म्हणजे ठरावीक वेळात ‘जिवंत आहे’ असा इशारा मिळाला नाही तर बोर्ड रीसेट करणारा टायमर.

मग रॅमऊप्स लावलं; ही कर्नलची सोय शेवटचे संदेश रॅमच्या एका राखीव तुकड्यात ठेवते. वॉर्म रीसेटमध्ये, म्हणजे वीज न तोडता झालेल्या रीसेटमध्ये, रॅमला वीज मिळत राहते, त्यामुळे राखून ठेवलेला तुकडा बहुधा शाबूत राहतो. डिव्हाइस ट्रीमध्ये (कर्नलला हार्डवेअरचं वर्णन देणाऱ्या फाइलमध्ये) १ एमबी राखली: कन्सोलला, म्हणजे कर्नलच्या चालू संदेशांना, २५६ केबी, उरलेल्यात १२८ केबीच्या ६ पॅनिक नोंदी, म्हणजे कर्नल कोसळताना लिहितो त्या. ईसीसी ही चूक-दुरुस्तीही चालू केली, कारण रीसेटमध्ये एखादा बिट उलटू शकतो. मुद्दाम कर्नल पाडून पाहिलं, तर काहीच उरलं नाही. तुकडा रॅमच्या अगदी वरच्या टोकाला होता आणि यू-बूट हा बूटलोडर सुरू होताना स्वतःला तिथेच हलवतो. पत्ता खाली आणताच नोंद टिकली.

पुढच्या वेळी साइटवरच्या सहकाऱ्याने ‘पीस्टोअर रिकामं आहे’ असं कळवलं. पीस्टोअर म्हणजे रॅममधल्या या नोंदी फाइली म्हणून दिसतात ते फोल्डर. सिस्टमडी, म्हणजे बाकीच्या सेवा सुरू करणारा प्रोग्रॅम, बूट होताच त्या फाइली डिस्कवर ‘व्हार’खालच्या आपल्या फोल्डरमध्ये हलवून मूळ जागा मोकळी करतं. ही गोष्ट हस्तांतराच्या कागदात लिहिलेली नसावी, याची मला अजून चीड येते.

पॅनिकची नोंद तिथेही नव्हतीच. वॉचडॉग थेट रीसेट करतो, कर्नलला बोलायला वेळच मिळत नाही. कन्सोलची नोंद मात्र होती, आणि तिच्या शेवटी ईएमएमसी कंट्रोलरचा इंटरप्ट (काम झाल्याचा इशारा) न आल्याचे टाइमआउट ओळीने लागलेले. ज्या चिपवर जर्नल लिहिलं जात होतं तीच अडकली होती, मग जर्नलमध्ये काय उमटणार? वॉचडॉगला थोपटणारा, म्हणजे वेळोवेळी इशारा देणारा, डीमन (पार्श्वभूमीतला प्रोग्रॅम) हीसुद्धा तिथेच लिहिताना डी स्थितीत, म्हणजे मध्येच थांबवता न येणाऱ्या प्रतीक्षेत, अडकलेला. (कर्नलच्या बूटच्या ओळीत ‘क्वाएट’ हा पर्याय ठेवला तर साधे संदेश कन्सोलच्या नोंदीतही येत नाहीत. ते आम्ही आधीच काढलं होतं.)

अडकलेल्या टास्कची तक्रार कर्नल मुळात १२० सेकंदांनी करतो, आमचा वॉचडॉग ६० चा. मर्यादा २० वर आणली. तपासणीही तेवढ्याच अंतराने होते, म्हणजे उशिरात उशिरा ४० व्या सेकंदाला तक्रार येणार. त्यावर पॅनिक आणि पॅनिकनंतर ५ सेकंदांनी रीबूट. आता कॉल ट्रेससकट (कोड कुठे अडकला ते दाखवणाऱ्या यादीसकट) पूर्ण नोंद मिळते.

साइटवर एकच सूचना लावली आहे: बोर्ड अडकला तर वायर उपटू नका. वीज तुटली की रॅममधलं सगळं गेलं. तरीही माणसं आधी प्लगलाच हात घालतात, आणि कंट्रोलर नेमका का अडकतो ते शोधायला लागणारी नोंद अशा प्रत्येक वेळी तिथेच जाते.