तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या वाइसला भाग ठोकून का बसवते

"ताई, नवा वाइस, म्हणजे काम पकडून ठेवायचा शिकंजा, बाजारात मिळतो. हवा तो भाग लेथवर निघतो. वेल्डिंगवाला तर समोरच बसलाय. मग जुन्या अवजारांचे भाग भट्टीत ठोकून कशाला बनवता?"

नाशिकला पेठ रोडच्या माझ्या शेडमध्ये येणारा जवळजवळ प्रत्येक जण हे विचारतो. कंपनीतले जुने सोबती विचारतात, सासरचे विचारतात, काम घेऊन आलेला लोहारही पैसे देताना विचारतो. आजवर मी ज्याला जे पटेल ते उत्तर दिलं. त्यातली बरीच उत्तरं खरी नव्हती.

आधी एक सांगते. मी शोभेच्या वस्तू करत नाही. गंगापूर धरणाकडच्या रिसॉर्टसाठी गंजलेला भाता आणि ऐरण हवी म्हणून लोक येतात, त्यांना मी नाही म्हणते. भात्याचं कातडं फाटलं असेल तर ते बदलून भाता पुन्हा फुंकता झाला पाहिजे, आणि दुरुस्त केलेल्या वाइसवर दुसऱ्या दिवशी नांगराचा फाळ शेवटता, म्हणजे ठोकून पुन्हा टोकदार करता आला पाहिजे. माझं काम एवढंच आहे.

आता वाइसचं. लोहाराला लागतो तो लेगवाइस, ज्याचा एक पाय थेट जमिनीपर्यंत जातो. घणाचा मार त्या पायातून जमिनीत उतरतो. बाकावर बोल्टने आवळलेला बिडाचा वाइस कानस मारायला चांगला, पण त्यात तापलेली पहार धरून घण घालत राहिलं तर आज ना उद्या जबडा तडकतो. बीड असे ठोके सोसत नाही. जुने लेगवाइस घडीव लोखंडाचे. माझ्याकडे आलेल्या एकावर पीटर राइट या जुन्या इंग्लिश कारखानदाराचा शिक्का होता, बाकीच्यांवर काहीच नसतं. ते एकेक करून घणाखाली घडलेले, त्यामुळे दोन शेजारी ठेवले तरी पायाची जाडी, कडीचं माप, पाचरीची खाच एकमेकांशी जुळत नाही. लेथवर भाग काढायला माप द्यावं लागतं. इथे माप त्या एका वाइसच्या अंगावरच असतं. पाचर घालून बघायची, कुठे घासते ते पाहायचं, काढायची, तापवायची, पुन्हा ठोकायची.

वेल्डिंगचं म्हणाल, तर घडीव लोखंडात मळीचे धागे असतात, उसातल्या धाग्यांसारखे लांबीच्या दिशेने. वरून टाका मारला की तो वरच्या थराला धरतो आणि जोर आला की बरेचदा तो थरच सोलून निघतो. हे माझं उत्तर खरं आहे.

खोटं उत्तर दुसरं होतं. "हाताने घडवलेलं दगा देत नाही," असं मी वर्षानुवर्षं सांगत आले. दिंडोरीकडच्या नानांचं काम होईपर्यंत माझा त्यावर विश्वासही होता.

सहा वर्षांपूर्वीचा डिसेंबर. मार्केट यार्डात टोमॅटो घेऊन येणाऱ्या पिकअपमध्ये नानांनी त्यांचा वाइस टाकून आणला. सत्तरी ओलांडलेला माणूस, आयुष्य भट्टीपुढे गेलेलं. वाइसच्या दोन पायांमधली स्प्रिंग तुटली होती, त्यामुळे स्क्रू सैल केला तरी जबडा आपोआप उघडत नव्हता. ते हाताने ओढून उघडायचे. पिकअप चार वाजता परत निघणार होती, तोवर काम करून हवं होतं.

मी सातपूरच्या एका कंपनीच्या टूलरूममध्ये अकरा वर्षं काढलेली. माझ्या डोक्यात स्प्रिंग म्हणजे स्प्रिंग स्टील, आणि स्प्रिंग स्टील म्हटलं की पाणी द्यायचंच, म्हणजे लाल तापवून एकदम विझवून कडक करायचंच. ट्रकच्या कमानीचा पाटा घेतला, तासून अरुंद केला, तापवून वळण दिलं. आई शेडमध्येच बसली होती. वडील ऐरणीवर असताना वीस वर्षं घण तिनेच मारला. पाटा लाल करून विझवायला घेतला तर डब्यात तेल अर्धंच होतं. वळवलेला भाग बुडत नव्हता. मी तो पाण्यात घातला.

चर्र आवाजाच्या आत एक बारीक टिक ऐकू आली. आईने मान वर केली. मी म्हटलं, वरची जळकी खपली उडाली असेल.

मग कानशीने उजळून, निळा रंग येईपर्यंत पुन्हा तापवून पाणी उतरवलं, म्हणजे ठिसूळपणा कमी केला. स्प्रिंग बसवली. जबडा असा उघडला की नानांनी चार वेळा आवळून-सोडून बघितला. सहाशे रुपये घेतले. पिकअप वेळेवर गेली.

चौथ्या दिवशी सकाळी त्यांच्या मुलाचा फोन आला. नाना वाकून दांडा आवळत होते, स्प्रिंग वळणात तुटली, तुकडा भुवईवर बसला. पाच टाके पडले. डोळा वाचला.

मी त्याच दिवशी गेले. तुटलेला तुकडा हातात घेतला. तुटलेल्या तोंडाचा एक तृतीयांश भाग निळा-काळा होता, उरलेला राखाडी, दाणेदार, ताजा. पाणी उतरवताना आतल्या पृष्ठभागाला रंग चढला, म्हणजे तोवर तिथे हवा पोचत होती. म्हणजे भेग आधीच होती. ती टिक खपलीची नव्हती. मी भेगाळलेली स्प्रिंग निळी केली, बसवली आणि पैसे घेतले.

नाना रागावले नाहीत. ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. कपाळाला पट्टी बांधलेली, आणि ते भात्यामागे पडलेला मूळ स्प्रिंगचा तुकडा शोधत होते. माझ्या हातात देऊन म्हणाले, "कानस मार." कानस लोण्यासारखी धरली. साधं लोखंड, पाणी कधी दाखवलेलंच नव्हतं. "पाणी कशाला पाजलंस पोरी? याने काय कापायचं होतं का?"

वाईट याचं वाटतं की मला हे ठाऊक होतं. पाणी दिल्याने पोलाद जास्त ताठ होत नाही. मऊ असो की कडक, त्याचा ताठपणा जवळपास तोच, सुमारे २०० गिगापास्कल. बदलतं ते इतकंच, की किती वाकवल्यावर ते परत येणार नाही. लांब पट्टीला वाइसमध्ये थोडंसंच वाकायचं असतं, त्याला साधी एमएस (मऊ पोलादाची) पट्टी पुरते. टूलरूममध्ये कुणी विचारलं असतं तर मी हे घडाघडा सांगितलं असतं. भट्टीपुढे हाताच्या सवयीने घात केला. आणि घाईने. आणि तेल आणायला उठायच्या कंटाळ्याने. आई घरी फक्त एवढंच म्हणाली, "आवाज आला तिथे थांबायचं होतंस."

म्हणून आता जे "वेल्डिंगवाल्याने पट्टी वाकवून चिकटवली असती तर?" असं विचारतात, त्यांना मी उडवून लावत नाही. त्याने तसं केलं असतं तर नानांना टाके पडले नसते. ज्या तुकड्याने त्यांची भुवई फाडली तो हाताने घडवलेला होता, माझ्याच हाताने.

तरीही मी ठोकतेच. नानांची दुसरी स्प्रिंग मी त्यांच्याच भट्टीवर, त्यांच्यासमोर केली, साध्या पट्टीची. कडी जिथे पायाला घासायची तिथे तीनदा तापवून बसवली. विकतचा भाग तिथे बसला नसता. पण बाकाला अडकवायची पट्टी मी आता सरळ कापून वेल्ड करते, कारण तिथे घडवण्याने काहीच साधत नाही, आणि आधी मी ती फक्त हट्टाने घडवत होते. स्क्रू लेथवर काढते. नानांचा नातू म्हणतो, स्प्रिंग तुमची, पाचर तुमची, कडी तुमची, मग वाइस आजोबांचा कसा? मी त्याला पाय आणि जबडे दाखवले. त्याला ते पुरलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही.

सध्या सिन्नरहून आलेला एक वाइस शेडमध्ये आहे. त्याच्या पेटीतले, म्हणजे स्क्रू ज्या नळीत फिरतो तिच्यातले, आटे गेलेत. फार जुन्या पेट्यांमध्ये आटे कापलेले नसायचे. चौकोनी पट्टीचं वेटोळं आत बसवून पितळ वितळवून डाखलेलं (जोडलेलं) असायचं, आणि ही तशीच आहे. पट्टी वळून तांबट लेनमधल्या कारागिराकडून टाकणखार घालून डाखून घ्यायची, की नवी पेटी घेऊन लेथवर आटे कापायचे? पहिल्याने वाइस होता तसा राहील, दुसऱ्याने बहुधा जास्त टिकेल. दिवाळीपर्यंत मुदत आहे. पट्टी कापून ठेवली आहे आणि लेथवाल्याकडे दरही विचारून ठेवला आहे.