तुम्ही विचारलंत म्हणून: थेरपिस्टला सल्लागार कशाला?

"इतकी वर्षं प्रॅक्टिस झाली, तरी अजून दुसऱ्याला विचारायला लागतं?" सांगलीत हे मला डॉक्टर विचारतात, पेशंटचे नातेवाईक विचारतात, हल्ली नवे थेरपिस्टही विचारतात. लागतं. आणि विचारायला येणाऱ्याकडून मी फीही घेतो, तेही सांगून टाकतो.

सुपरव्हिजन वेगळं, तिथे शिकणाऱ्याच्या कामाची जबाबदारी वरच्या माणसावर असते. कन्सल्टेशन म्हणजे एका थेरपिस्टने अडलेली केस घेऊन दुसऱ्याकडे सल्ल्याला येणं; इथे दोघंही शिकून तयार झालेले. माझं ऐकायचं की नाही हे येणाऱ्याने ठरवायचं, पेशंटची जबाबदारीही त्याचीच. (पेशंटच्या जिवाला धोका दिसला तर बाकी सगळं बाजूला, आधी सुरक्षेचं बघायचं.)

येताना सत्राच्या रेकॉर्डिंगमधली ५-७ मिनिटं आणावीत, जिथे अडलात तिथली. झकास जमलेली नकोत. सोबत एका ओळीत प्रश्न. केसचा इतिहास २ मिनिटांत; नाहीतर तासातली ४० मिनिटं सासू, जमीन आणि वाटण्यांतच जातात आणि थेरपिस्ट स्वतः काय करत होता ते निघतच नाही. रेकॉर्डिंगची संमती उपचाराच्या कागदात घुसडायची नाही. वेगळी घ्यायची, मराठीत, कधीही मागे घेता येईल अशी. क्लिप व्हॉट्सअॅपवर पाठवायची नाही. आणि आपल्याकडे नाव बदलून भागत नाही. गाव आणि साखर कारखान्यातलं खातं सांगितलं की माणूस कळतो.

२०१९ च्या पुराबद्दलची एक क्लिप घ्या. परवानगी आहे, तपशील बदललेत. दुकानदार सांगतोय, "आईला बोटीत बसवलं आणि मी वह्या आणायला परत वर गेलो." 'वर' म्हणताना आवाज घशात गेला. ३ सेकंद शांतता. थेरपिस्ट विचारतात, "तेव्हा पाणी किती फुटांवर होतं?" लगेच आवाज सावरला: "आयर्विनला ५७." (आयर्विन म्हणजे सांगलीतला कृष्णेवरचा पूल, पुराची पातळी तिथे मोजतात.) पुढची ४ मिनिटं कोयना धरणाचा विसर्ग आणि अलमट्टी धरण. दोघंही अगदी निवांत.

मी टेप थांबवून विचारलं, "हा प्रश्न का विचारलात?" उत्तर चोख मिळालं: त्याला झेपत नव्हतं, जरा सावरू द्यायचं होतं. मी मान डोलावली. दहा मिनिटं आम्हीही फूटच मोजत बसलो. मग ते म्हणाले, "सर, माझ्याही घरात पाणी होतं."

चूक माझी. 'का' विचारलं की कारण मिळतं. 'ते ३ सेकंद तुम्हाला कसे गेले?' असं विचारायला हवं होतं. आता त्यांच्या घरातल्या पाण्यापाशी किती थांबायचं? या पेशंटच्या आड येतं तेवढंच. उरलेलं त्यांच्या स्वतःच्या थेरपीत. ही रेघ मला दर वेळी जमते असं नाही.

दुकानदार दर सत्रात प्रशासनावर चिडायचा. भावनाकेंद्रित थेरपी मांडणारे लेस्ली ग्रीनबर्ग यांच्या भाषेत अशा रागाला दुय्यम भावना, म्हणजे आतली मूळ भावना झाकणारी भावना, म्हणता येईल. त्या रागाखाली, आईला सोडून वह्यांसाठी गेल्याची लाज असावी. इथे आपली भाषाच घोळ करते. "वाईट वाटलं असेल" म्हटलं की "हो ना" येतं आणि विषय मिटतो, कारण 'वाईट' मध्ये दुःख, लाज, अपमान सगळंच मावतं. म्हणून त्या शांततेनंतर थेरपिस्टला काय म्हणता आलं असतं, ते वाक्य आम्ही मोठ्याने म्हणून पाहिलं: "आई बोटीत... आणि तुम्ही जिन्यावर." पहिल्यांदा 'तुम्ही'वर जोर पडला, आरोप वाटला. 'जिन्यावर'पाशी आवाज खाली सोडला तेव्हा बसलं. एका वाक्याला २५ मिनिटं. याचेच पैसे.

पूर्वी मीच म्हणायचो की टेप कशाला, नोंदी पुरेत. नोंदीत ते ३ सेकंद आले नसते, "पुराविषयी चर्चा" एवढंच आलं असतं. तरी माझा जुना आक्षेप अजून पुरता गेलेला नाही. परवानगी मागितली की माणूस म्हणतो, "चालतंय की सर." ही संमती की भीड? म्हणून सत्र संपल्यावर पुन्हा एकदा विचारायला सांगतो. काही जण दोन्ही वेळा त्याच सुरात म्हणतात, "चालतंय की."